गर्दी कुणाला म्हणायचे?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी संपली, की पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. पर्यटनस्थळे हाऊसफुल्ल! सोबत वाहनांच्या रांगेचे छायाचित्र आणि सहलीहून परतलेल्या कुटुंबाचे दोन शब्द: काय ती गर्दी, धड काही पाहताच आले नाही. ही तक्रार आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. आम्हाला मात्र ती तपासावीशी वाटते. कारण ज्या जागेबद्दल ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, त्यांपैकी एक जागा जुन्नर तालुक्यात आहे, आणि त्या जागेवर आमच्या बुद्धकालीन पूर्वजांची सही आहे. ती जागा म्हणजे लेण्याद्री.

जुन्नर गावापासून पाच-सहा किलोमीटरवर कुकडीच्या पलीकडे हा डोंगर. पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट घ्यायचे आणि सुमारे तीनशे पायऱ्या चढायच्या. म्हाताऱ्या माणसांना डोलीत बसवून वर नेणारे कष्टकरी वाटेवर भेटतात. वर पोहोचले की समोर येते ते सातवे लेणे. हे मूळचे बौद्ध विहार. मधोमध एकही खांब नसलेला प्रचंड सभामंडप आणि त्याभोवती भिक्खूंच्या वीस खोल्या. त्यांतल्या मागच्या भिंतीतील मधल्या दोन खोल्या एक करून तिथे गणपतीचे देवस्थान झाले. अष्टविनायकांपैकी डोंगरावर असलेला आणि लेण्यात असलेला हा एकमेव गणपती. देवस्थानचे भक्तही हे नाकारत नाहीत, नाकारूही शकत नाहीत. पत्थर खोटे बोलत नाही.

आता सुट्टीच्या दिवशी किंवा अंगारकीला या सातव्या लेण्यात काय होते ते जुन्नरकरांना सांगायला नको. रांग पायऱ्यांवर उतरते. घामाघूम झालेली माणसे एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी असतात. लहान मुले रडतात. दर्शन एका क्षणाचे. बाहेर आलेला माणूस म्हणतो, बाप रे, किती गर्दी! आणि तो उतरू लागतो, कारण खाली बस उभी असते आणि पुढे ओझर गाठायचे असते.

गंमत अशी की तो ज्या क्षणी हे म्हणत असतो, त्या क्षणी त्याच डोंगरावर त्याच्या डाव्या-उजव्या हाताला सुमारे तीस लेण्यांची ओळ पसरलेली असते, आणि तिथे चिटपाखरू नसते. सगळ्याच लेण्यांपर्यंत चांगली वाट आहे असे नाही. पण सहावे लेणे तर सातव्याच्या शेजारी आहे, तिथे जायला वेगळा डोंगर चढावा लागत नाही. ते या समूहाचे मुख्य चैत्यगृह. कमानदार छत, दोन्ही बाजूंना स्तंभांची रांग, स्तंभांच्या माथ्यावर कोरलेले प्राणी आणि आत शांतपणे उभा असलेला स्तूप. दाराच्या माथ्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. कल्याणच्या सोन्याचा व्यवहार करणाऱ्या एका हेरणिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने, हे चैत्यगृह दान दिले. दोन हजार वर्षांच्या आसपास जुने हे दान आहे. सातव्या लेण्याच्या दारात गुदमरलेल्या माणसाला दोन मिनिटांच्या अंतरावर मोकळी हवा, सावली आणि आपल्या देशाचा इतिहास उपलब्ध असतो. तो तिकडे जात नाही. गेलाच तर स्तूपाला शंकराची पिंड समजून नमस्कार करून परत फिरतो.

तेव्हा लेण्याद्रीला गर्दी आहे की नाही? डोंगराचे क्षेत्रफळ धरले तर नाही. एका खोलीचे धरले तर भयंकर आहे. आलेल्या माणसाला मात्र सगळा डोंगरच गर्दीने भरलेला दिसतो, कारण त्याच्या लेखी डोंगरावर एकच खोली आहे.

हा निव्वळ आमचा तर्क नाही. गर्दी या विषयाचा जगात रीतसर अभ्यास झालेला आहे. डॅनियल स्टोकोल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली दाटी आणि गर्दी यांत फरक करून दाखवला. एका जागेत किती माणसे आहेत ती दाटी; ती मोजता येते. त्या माणसांचा आपल्याला जाच होतो की नाही, ती गर्दीची भावना. ती मोजणाऱ्याच्या नव्हे, पाहणाऱ्याच्या मनात असते. लग्नाच्या मांडवात हजार माणसे असली तर यजमान सुखावतो. त्याच मांडवात न बोलावलेले पन्नास आले तर त्याला गर्दी वाटते.

त्याहीआधी, १९६४ साली, रॉबर्ट लुकास या अमेरिकन संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिनेसोटा राज्यात सरोवरांचा एक रानटी प्रदेश आहे. तिथे काही लोक वल्ही मारीत साध्या होडीतून जात, काही मोटरबोटीतून. लुकासने दोघांनाही विचारले. वल्हेवाल्यांना मोटरबोट दिसली की रान बिघडल्यासारखे वाटे. मोटरबोटवाल्यांना वल्हेवाले कितीही दिसले तरी त्यांचे काही बिघडत नव्हते. पाणी तेच, माणसे तीच. म्हणजे ज्याला दुसऱ्याचे तिथे असणे खुपते, त्यालाच गर्दी दिसते. आपल्यासारखाच दिसणारा, आपल्याच कामाला आलेला माणूस सोबती वाटतो. वेगळा माणूस गर्दी वाटतो. नंतरच्या अनेक अभ्यासांतून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. शिवाय माणूस घरून निघताना मनात काय चित्र घेऊन निघाला यावरही ते ठरते. एकांताची जाहिरात पाहून आलेल्याला दहा माणसे जड होतात. जत्रेला म्हणून आलेल्याला दहा हजारही कमी पडतात.

अमेरिकेतील संशोधकाला हे होड्या मोजून कळले. आंबेडकरी जनतेला ते कळायला होडीची गरज नाही. आम्ही ते पिढ्यान् पिढ्या अंगावर झेललेले आहे.

आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात. लाखो माणसे. रस्ते बंद, शाळांना सुट्ट्या, वाहतूक वळवलेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत कोणते शब्द असतात? वैष्णवांचा मेळा, भक्तीचा महापूर, जनसागर. ते असावेत; वारकरी हा कष्टकरी बहुजन आहे, तो आमचाच आहे, त्याच्या पायाखालचा रस्ता त्याच्याच घामाचा आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे. ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणूस दादरला चैत्यभूमीवर येतो. त्याच्या हातात पिशवी असते, पिशवीत भाकरी असते, आणि परतताना त्याच पिशवीत पुस्तके असतात. त्या दिवसाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे कोणते शब्द वापरले गेले? दादर परिसरात जाणे टाळा. स्थानकात गर्दी. रहिवाशांची गैरसोय. रेल्वेच्या डब्यात फुकटे घुसल्याची कुजबुज. मुंबई महानगरपालिका मांडव घालते, रेल्वे जादा गाड्या सोडते, अलीकडे छपाईची भाषाही थोडी सुधारली आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण शिवाजी पार्कच्या सज्जातून पाहणाऱ्या काही डोळ्यांना जे दिसते त्याचे नाव अजूनही गर्दीच आहे. आमच्याच जिल्ह्यात १ जानेवारीला पेरणे येथील विजयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखोंचा समुदाय येतो. २०१८ साली त्या दिवशी जो हिंसाचार झाला, तो देशाने पाहिला. तेव्हापासून तिथल्या समुदायाचे वर्णन आधी बंदोबस्ताच्या आकड्यांत होते आणि अभिवादनाचा उल्लेख मागाहून येतो.

एकाच जिल्ह्यात लाखांचा एक समुदाय महापूर ठरतो आणि लाखांचा दुसरा समुदाय बंदोबस्ताचा विषय ठरतो. दाटी सारखीच आहे. बदलतो तो पाहणाऱ्याचा डोळा.

याचे मूळ फार जुने आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील ग्रंथात पेशवाईतील पुण्याचा दाखला दिला आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून आपली पावले पुसत जायचे, गळ्यात मडके अडकवून त्यातच थुंकायचे, समोरून सवर्ण आला तर सावली पडू नये म्हणून रस्ता सोडायचा. एका निःशस्त्र माणसाची नुसती सावली जिथे जास्त होते, तिथे गर्दी व्हायला किती माणसे लागतील? एकच! रस्ता रिकामा असूनही एका माणसाने भरून जातो, असे वाटणारी समाजव्यवस्था या भूमीवर नांदून गेली. ती कायद्याने गेली. नजरेतून पुरती गेलेली नाही. आज कुणी उघडपणे विटाळ म्हणत नाही. 'हल्ली कोणीही येते हो तिथे' असे म्हणतो. थंड हवेच्या ठिकाणांबद्दल, किल्ल्यांबद्दल, धबधब्यांबद्दल हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. 'कोणीही' म्हणजे कोण, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

आता जुन्नरला परत येऊ, कारण या गावाने गर्दीची वेगळी नजर एकेकाळी पाहिली आहे. कोकणातून घाटमाथ्यावर येणारा नाणेघाटाचा रस्ता याच गावाला येऊन मिळत असे. घाटात आजही तो दगडी रांजण दाखवतात, जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून. कल्याण, सोपारा या बंदरांचा माल बैलांच्या पाठीवर याच वाटेने चढला. म्हणजे सातवाहनांच्या काळातले जुन्नर हे गजबजलेले व्यापारी नगर होते, आणि नेमके त्याच्याच भोवती भिक्खुसंघाने डोंगर कोरले. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा, सगळे मिळून दोनशेहून अधिक लेणी. देशात एका गावाभोवती एवढी लेणी क्वचितच असतील. संघ बाजारापासून पळाला नाही. भिक्षेसाठी जाता येईल एवढा जवळ आणि ध्यानाला बसता येईल एवढा दूर, असा त्याने मुक्काम केला.

आणि दान कुणी दिले? नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणीचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. जुन्नरच्या लेण्यांतील लेख वाचले की माणसे बदलतात. तिथे धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, जिने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दिली. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेख आहेत. समुद्रापलीकडून आलेले यवन आहेत. मानमोडीच्या डोंगरात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम आहे. बुरुड आणि यवन, कासार आणि अमात्य, सगळ्यांच्या दानाची नोंद एकाच मापाच्या अक्षरांत, एकाच पत्थरात. त्या काळच्या जुन्नरला गर्दी होती, पण त्या पत्थरावर कुणालाही गर्दी म्हटलेले नाही. हे आम्हाला या लेण्यांचे सर्वांत मोठे सौंदर्य वाटते.

म्हणून लेण्यांवर माणसेच नकोत, शांतता हवी, असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या काही सुशिक्षितांशी आम्ही सहमत नाही. त्यांचा त्रास खरा आहे. लेण्यात कर्णे लावणाऱ्या सहली असतात, भिंतीवर बदामात नावे कोरणारे असतात, आणि ते कुठल्या एकाच धर्माचे नसतात. निळा रुमाल बांधून येणाऱ्यांतही असतात. त्यांना बजावले पाहिजे. पण लेणी ही मूठभरांच्या ध्यानासाठी राखीव ठेवायची जागा झाली, तर उद्या 'कोणीही येते' हे वाक्य आपल्याच तोंडी येईल.

मग देवस्थानाच्या गर्दीशी आमचे भांडण आहे का? सातव्या लेण्यात रांगेत उभा असलेला माणूस बहुधा शेतकरी असतो, गिरणीतला, कारखान्यातला असतो, वर्षातून एकदा बायकापोरांना घेऊन निघालेला असतो. त्याच्याशी कसले भांडण? भांडण आहे ते त्याला अर्धीच गोष्ट सांगणाऱ्यांशी. अष्टविनायकांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात, एक पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन दिवसांत आठ देव उरकायचे अशी सहलीची आखणी. एका देवाला तास-दीड तास. या वेळापत्रकात चैत्यगृहाला जागाच नाही. स्थलमाहात्म्य सांगणाऱ्या पुस्तिकेत विहार हा शब्द येत नाही. पायऱ्या चढणाऱ्या माणसाला कुणी सांगितलेच नाही की तू विहारात चालला आहेस, तर तो शेजारचे दार उघडेल कशाला? लेण्याद्रीची गर्दी ही अज्ञानाने तयार केलेली गर्दी आहे, आणि ते अज्ञान पिकवलेले आहे. मानमोडीच्या एका गटाला भीमाशंकर नाव, दुसऱ्याला अंबा-अंबिका, पाडळीच्या लेण्यांना तुळजाभवानीचे नाव. पाडळीला तर बारा अष्टकोनी स्तंभांच्या वर्तुळात स्तूप असलेले गोल चैत्यगृह आहे. असे गोल चैत्यगृह देशात दुर्मीळ. पण तिथे जाणारा विचारतो, देवीचे देऊळ कुठे?

राज्य शासनाने २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. मोठा गाजावाजा झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. छत्रपती शिवरायांच्या जन्मस्थानाचा हा सन्मान प्रत्येक बहुजनाला अभिमानाचा आहे. यापुढे शिवनेरीवर माणसे वाढणार हे उघड आहे. त्याच शिवनेरीच्या कड्यात बौद्ध लेण्यांचे गट आहेत, गडाच्या आधीच्या हजार-दीड हजार वर्षांचे. गडावर जाणाऱ्या नव्या पर्यटकाला ती दाखवली जाणार, की शिवनेरीचेही लेण्याद्री होणार? एक दार तुंबलेले आणि बाकीची दारे अंधारात?

गर्दी सगळीच मनात असते असे मात्र कुणी समजू नये. माणसाच्या देहाला वजन असते. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा धोकादायक ठरलेला जुना लोखंडी पूल रविवारच्या पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चार जण मरण पावले. त्या पुलावर उभ्या असलेल्या माणसांना क्षणभरापूर्वीपर्यंत गर्दी वाटत नसणार. मौज वाटत होती. म्हणजे उलटेही घडते. जिथे वाटायला हवी तिथे गर्दी वाटत नाही, कारण सगळे आपल्यासारखेच असतात. पर्यटकाच्या वाटण्यावर ज्यांनी व्यवस्थापन सोडले, त्यांनी हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

आणि ज्याच्या वाटण्याला कुणीच विचारत नाही, तो माणूस आंबेगाव तालुक्यात राहतो.

भीमाशंकरचे देऊळ खेड तालुक्यात, पण मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर असा वर जाणारा मुख्य रस्ता आंबेगावचा. श्रावणी सोमवारी आणि शिवरात्रीला या रस्त्यावर मोटारींची माळ लागते. देवळाजवळ पोहोचल्यावर भाविकाला गर्दी दिसते. रस्त्याकडेच्या महादेव कोळी वस्तीला ती पहाटेपासून दिसत असते. एसटी अडकून पडते. घोडेगावच्या दवाखान्याला निघालेली बाळंतीण अडकते. बाळहिरडा विकायला निघालेला म्हातारा अडकतो. त्यांच्यापैकी कुणी सहलीला निघालेले नसते, म्हणून पर्यटकांच्या कुठल्याही पाहणीत त्यांचे मत येत नाही. १९८५ साली इथे शेकरूच्या रक्षणासाठी अभयारण्य झाले. ते योग्यच, पण अभयारण्य झाल्यावर लाकूडफाटा आणि गुरांची चराई यांवरून आदिवासीला जंगल खात्याचे नियम ऐकावे लागले. त्याच रानात सुट्टीच्या दिवशी गाड्यांचे कर्णे वाजतात तेव्हा शेकरूला काय वाटते, हे खात्याने कधी जाहीर केलेले आमच्या वाचनात नाही.

या आदिवासींनी दाटी आणि ओसाडी दोन्ही पाहिल्या आहेत. घोड नदीवर डिंभे धरण बांधले आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेले. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार जुन्नरात. जलाशयाच्या काठावर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला तिथे निवांतपणा दिसतो. तो निवांतपणा गाव उठवून तयार झालेला आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. जो पाऊस पाहायला पुण्या-मुंबईचा माणूस आंबेगावात येतो, त्याच पावसात ते गाव गेले. दर पावसाळ्यात हिरवेगार, शांत, माणसांपासून दूर अशी या भागाची वर्णने छापून येतात. माणसांपासून दूर? तिथे माणसे राहतात, महाशय!

शासनाकडे या सगळ्यावर एकच औषध असते: मनाई हुकूम. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणे, घाट अशा ठिकाणी निर्बंध लावले. जीव वाचवण्यासाठी काही दिवस हे समजू शकते. पण माळशेजला मक्याची कणसे भाजणारी बाई आणि नाणेघाटाच्या वाटेवर चहाची टपरी लावणारा तरुण यांचा पावसाळा हाच हंगाम असतो. बंगलेवाल्याच्या रिसॉर्टची खोली बंद होत नाही. बंद होते ती टपरी. इटलीतील व्हेनिस शहराने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्याला ५ युरोचे प्रवेशशुल्क लावले. जुन्या शहरातील रहिवासी पन्नास हजारांच्याही खाली आले, घरे पाहुण्यांना भाड्याने गेली, म्हणून हा उपाय. त्याने माणसे किती कमी झाली यावर तिथे वाद आहे. आमचे म्हणणे एवढेच, की शुल्क लावले की पैसेवाला येतच राहतो. गळतो तो भाकरी बांधून येणारा. आपल्याकडे असा उपाय कुणी सुचवू लागले तर आधी त्याला विचारावे, तुम्हाला कोण कमी करायचे आहे?

त्यापेक्षा आपल्याच राज्यातला दाखला घ्यावा. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबतात आणि तिथून पुढचे चार किलोमीटर लेण्यांपर्यंत एसटीची बस नेते. मोटारवाला आणि एसटीवाला एकाच बाकावर बसतो. भीमाशंकरला यात्रेच्या दिवशी असे केले जाते; ते दर शनिवार-रविवारी, मंचर किंवा घोडेगावपासून का करू नये? जुन्नर बसस्थानकावरून लेण्याद्री, मानमोडी, पाडळी, शिवनेरी अशी फेरी मारणारी एसटी का असू नये? अष्टविनायकाच्या सहली एसटी स्वतः काढते. लेण्यांची फेरी काढायला कुणाची हरकत आहे? त्या फेरीवर वाटाड्या म्हणून आदिवासी आणि बौद्ध तरुणांना पुरातत्त्व खात्याने प्रशिक्षण द्यावे, लेख वाचायला शिकवावे. महिलांसाठी स्वच्छतागृहे आणि पाणी आधी, सेल्फीच्या जागा नंतर. पण पाडळीला रस्ता, पहारेकरी आणि पाणी नसताना एकदम माणसे पाठवू नयेत. नाहीतर लेण्याद्रीचा भार हलका करता करता तुळजा लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरली जातील.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक फलक. लेण्याद्रीच्या पायऱ्या संपतात तिथे, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या मराठी अक्षरांत: आपण उभे आहात ते बौद्ध विहार आहे, शेजारी चैत्यगृह आहे, ते कल्याणच्या सुलसदत्ताने दिले, आत आहे तो स्तूप. खात्याच्या फलकांवर चौरस फूट आणि शतके असतात. त्यात बुद्धाचे नाव शोधावे लागते. या एका फलकाला किती खर्च येतो, ते खात्याने सांगावे. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील उपासक-उपासिका तो वर्गणी काढून देतील.

तोपर्यंत आम्ही एक काम करणार आहोत. येत्या माघी गणेश जयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळेत सहाव्या आणि सातव्या लेण्याच्या दारात बसून, कुणाला न अडवता, आत जाणारी माणसे मोजायची. दोन्ही दारांचे आकडे याच स्तंभात छापू. ज्या वाचकांना यायचे असेल त्यांनी वही, पेन्सिल आणि आपली भाकरी सोबत आणावी.